सहावा बोळा

उस्तादांच्या गॅरेजपासून तिसऱ्या शटरमध्ये स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या काउंटरमागे उस्तादांची मुलगी चौदा वर्षं उभी होती. अख्खी गल्ली तिला ताई म्हणायची. गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं की ताई मागे वळूनही न बघता फळीवर हात घालायची आणि नेमकं तेच खोकं बाहेर काढायची. मालक गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "आमच्या ताईला सगळं दुकान तोंडपाठ आहे." ताई हसून वेळ मारून न्यायची. आपण विकलेला एकही पार्ट आपण कधी इंजिनात बसवलेला नाही, हे तिचं तिलाच टोचत राहायचं.

बसवायची हौस लहानपणापासूनची. शाळा सुटली की ती दप्तर पाठीवर घेऊन थेट गॅरेजमध्ये यायची. उस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ स्वतःच्या कानाला लावायचे, मग तिच्या कानाला. "कुठला बोलतोय?" ती बोटं दाखवायची. तीन म्हटलं तर तिसरंच सिलिंडर असायचं. धाकट्या भावाच्या कानाला मूठ लावली की त्याला गुदगुल्या व्हायच्या.

पंधराव्या वर्षी तिनं सरळच विचारलं होतं. "बाबा, मला शिकवा."

"हे बायकांचं काम नाही," उस्ताद म्हणाले होते. "माझे हात बघ. असे हात घेऊन सासरी जाणार आहेस का?"

शिकवलं भावाला. भाऊ जेमतेम शिकला, दहा वर्षं बापाच्या हाताखाली कशीबशी काढली, आणि एक दिवस दूर कुठल्या तरी खाणीवर नोकरी मिळवून निघून गेला. राहायची सोय झाली की बायकोला नेतो म्हणाला. दोन वर्षं झाली, सोय अजून होतच होती. त्याची बायको, उस्तादांची सूनबाई, सासऱ्यापाशी राहिली.

एका दुपारी ताई ऑइल फिल्टर द्यायला गॅरेजमध्ये गेली. एका टिपरखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत कॅनव्हासचे बूट, त्यावर दुमडलेली ढगळ पँट. उस्ताद खुर्चीत बसून गाडीखाली टॉर्च दाखवत होते.

"खाली कोण आहे?" ताईनं विचारलं.

"सूनबाई," उस्ताद म्हणाले, जणू चुलीवर चहा ठेवलाय इतक्या सहज. "माझ्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. आणि तिचा हात बघ कसा आत जातो, माझा जायचा नाही."

सुरुवात डब्यानं झाली होती म्हणे. सूनबाई दुपारचा डबा घेऊन यायची, उस्तादांचं जेवण होईपर्यंत टॉर्च धरायची. मग पाने हातात द्यायला लागली. मग टॅपेटमधली फट मोजायची पातळ पट्टी उस्तादांना वाचता येईना, तेव्हा ती वाचायला लागली. आणि एक दिवस उस्ताद म्हणाले, "वाचतेसच आहेस तर सेट पण कर." वर्षभरात ड्रायव्हर लोक गॅरेजच्या दारातूनच ओरडायला लागले होते, "वहिनी आहेत का? नसतील तर संध्याकाळी येतो."

त्या दिवशी ताईनं फिल्टर ठेवला आणि ती परत आली. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर तिचे यजमान, शाळेत मास्तर होते ते, एक घास खाऊन थांबले.

"पोटात दुखतंय का तुझ्या?"

"माझ्या? मला काय धाड भरलीय?"

"नाही, भाजीत तीनदा मीठ पडलंय, म्हणून विचारलं."

मग ताईचा बांध फुटला. आपण पंचवीस वर्षांपूर्वी जे हात जोडून मागितलं ते त्या बाईला न मागता मिळालं. आणि तेव्हा बायकांचं काम नव्हतं, मग आता कसं झालं? "तिला इंजिनाचं वेड तरी आहे का हो? डबा द्यायला गेली आणि मिस्त्री झाली!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "जा ना मग. तूही शीक."

"तिच्या हाताखाली?" ताई म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

संपला म्हणजे बोलण्यातून संपला. ताई रोज काहीतरी निमित्त काढून गॅरेजवरून चक्कर मारायची आणि रोज काहीतरी नवं बघून जळफळत परत यायची. कधी सूनबाईच्या अंगावर बाबांचा जुना डगला दिसायचा. कधी बाबांचा रिंग पान्यांचा सेट तिच्यापुढे पसरलेला असायचा. त्या सेटला भावालाही हात लावायची परवानगी नव्हती. आईच्या आजारपणातही ताईनं बाबांना कुणाशी इतकं बोलताना बघितलं नव्हतं, आणि आता ते तासन् तास त्या बाईला डिझेल फवारणारं नोझल समजावून सांगत असायचे. ताई तिला नावानं हाकही मारत नसे. "अगं" म्हणून भागवायची.

मग भोंग्याची बस आली. भोंगा म्हणजे बसचा मालक आणि ड्रायव्हरही. त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. तो कानात सांगायला लागला तरी चौकापर्यंत ऐकू जायचं. त्याची जुनी सहा सिलिंडरची बस कारखान्याच्या पाळीची माणसं नेआण करायची. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्याखालचं गॅस्केट गेलं होतं, ऑइलमध्ये पाणी उतरलं होतं. हेड उतरवायचं, साफ करायचं, नवं गॅस्केट टाकून परत बसवायचं, असं तीन दिवसांचं काम.

"हे सगळं सूनबाई करणार," उस्तादांनी जाहीर केलं. "मी खुर्चीतून उठणार नाही."

नवं गॅस्केट ताईनंच काढून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याचे दोन रबरी पाइप द्यायचे राहिले होते, ते घेऊन ती गेली. हेड बसलं होतं. त्याच्या कुशीला हवा आत नेणारा मॅनिफोल्डही चढला होता, आणि सूनबाई बंपरवर उभी राहून त्याचे शेवटचे नट आवळत होती. कपाळावर काळा पट्टा, केस फडक्यात बांधलेले.

"काय उस्ताद," खुर्चीतून उस्ताद म्हणाले, "झालं का?"

ताईला वाटलं, बाबा कुणा दुसऱ्या मिस्त्रीशी बोलतायत. तिनं मागं वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. उस्ताद हा शब्द त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. मुलाला नाही, दहा-दहा वर्षं त्यांच्याकडे राबलेल्या कारागिरांना नाही.

"झालंच बाबा," सूनबाई वरून म्हणाली.

ताई मान खाली घालून उभी राहिली आणि तिची नजर पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रेवर गेली. हेडला हवेची सहा तोंडं असतात. उघडी असताना आत कचरा पडू नये म्हणून प्रत्येक तोंडात चिंधीचा बोळा कोंबतात, आणि मॅनिफोल्ड चढवायच्या आधी सगळे बोळे काढून घेतात. ट्रेमध्ये बोळे होते. ताईनं सवयीनं मोजले. पाच. तिनं परत मोजले. पाचच.

नंतर कळलं ते एवढंच, की बोळे काढत असताना सूनबाईला नवऱ्याचा फोन आला होता. तिनं हात पुसून दोन मिनिटं बोलणं केलं होतं, आणि परत आल्यावर तिला वाटलं होतं की सगळे काढून झाले.

ताईनं तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात सूनबाईनं खाली बघितलं आणि हसून म्हणाली, "ताई, ते पाइप तिकडं टेबलावर ठेवा ना." डिलिव्हरीच्या माणसाला सांगावं तसं. निदान ताईला तसं वाटलं.

ताईनं तोंड मिटलं. पाइप टेबलावर ठेवले. आणि ती निघून आली.

काउंटरवर तिनं दोन गिऱ्हाइकं केली. तिसऱ्याला चुकीचा बेल्ट दिला, तो परत आला. एवढी उस्ताद आहे तर स्टार्ट मारायच्या आधी मोजेलच की, ती मनाशी म्हणत होती. तिला नाही सुचलं तर बाबांना सुचेल. मला काय करायचंय? मी पाइप देणारी. तिनं दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला. भिंतीवरचं घड्याळ तिच्या बरोबर समोर होतं, म्हणून तिला पक्कं आठवतं, एक तास दहा मिनिटं गेली.

मग तीन शटर पलीकडे स्टार्टर घरघरला आणि इंजिन धडधडायला लागलं. पहिले काही सेकंद छान चाललं. ताईला वाटलं, बघितलं असेल तिनं, काढला असेल. तिच्या छातीवरचा दगड उतरला, आणि खोटं कशाला बोला, त्याबरोबर थोडी निराशाही झाली. तेवढ्यात एक सिलिंडर अडखळलं. नंतर आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज सुरू झाला, ठण्‌ ठण्‌ ठण्‌, आणि कुणीतरी इंजिन बंद केलं. ताईला न बघता कळलं. सहावं.

तासाभरानं सूनबाई स्वतः काउंटरवर आली. डोळे लाल. "ताई, हेड गॅस्केट द्या. परवा दिलं होतं तेच. एक इनलेट व्हॉल्व्ह आणि एक पुशरॉड. माझ्याकडून सहाव्यात बोळा राहिला. तो व्हॉल्व्हखाली अडकला आणि पिस्टननं व्हॉल्व्ह वाकवला." तिनं बाहीला नाक पुसलं. "सगळं परत उतरवायचं."

"तू हो पुढे," ताई म्हणाली. "मी घेऊन येते."

सामान घेऊन ती गॅरेजच्या दाराशी आली तेव्हा भोंगा नुकताच आरडाओरडा करून गेला होता. त्याचा आवाज अजून पत्र्यांत घुमत असल्यासारखा वाटत होता. सूनबाई उलट्या ड्रमवर बसली होती. उस्ताद खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले होते, आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता.

"मी बघायला हवं होतं," उस्ताद म्हणत होते. "चूक माझी आहे. अगं, मी तुझ्या वयाचा असताना एका टँकरच्या गिअरबॉक्समध्ये अख्खा पाना विसरलो होतो. माझ्या उस्तादानं तोच पाना घेऊन मला चौकापर्यंत पिटाळलं होतं. रडू नको. परत उतरवू, परत चढवू. त्यात काय?"

ताई ते ऐकत उभी राहिली. बाराव्या वर्षी तिच्या हातून एक नोझल फरशीवर पडलं होतं. बाबा तिच्याशी तीन दिवस बोलले नव्हते. आणि इथं इंजिन ठोकलं गेलं तरी वर डोक्यावरून हात फिरत होता. तिला वाटलं होतं आज ती बाई त्यांच्या मनातून उतरेल. उतरली नाहीच, उलट आणखी आत जाऊन बसली.

"मला माहीत होतं," ताई म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं.

"दुपारी पाइप द्यायला आले तेव्हा मी ट्रेमधले बोळे मोजले होते. पाचच होते." तिला थांबायचं होतं, पण थांबता येईना. "मी नाही सांगितलं. मुद्दाम नाही सांगितलं. आता फिरवा हात माझ्या डोक्यावरून!"

उस्तादांचा हात सूनबाईच्या डोक्यावरून आपोआप खाली आला.

सूनबाई उठली. ताईच्या हातातून गॅस्केट घेतलं, आधी ते सपाट आहे ना हे उजेडात धरून बघितलं. मग म्हणाली, "मला तुमचा फार राग आलाय, ताई. पण आत्ता भांडायला बसले तर माझ्याकडून आणखी काहीतरी राहील. तुम्ही जा."

"घरी जा," उस्तादही म्हणाले. मुलीकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं शटर वर केलं तर उस्ताद बाहेर उभे होते. काठी नव्हती, भिंतीला हात लावत तीन शटरं चालून आले होते. आत येऊन स्टुलावर बसले. बराच वेळ खोक्यांवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करत राहिले.

"बोळा नाही सांगितलास हे वाईट केलंस," शेवटी म्हणाले. "पण त्याचं मूळ कुठं आहे ते मला माहीत आहे. माझ्यातच आहे."

ताईनं काउंटर पुसायला घेतला.

"बायकांचं काम नाही म्हणालो होतो ना तुला? ते मी खोटं बोललो होतो. तुला सगळं येत होतं, पोरी. तुझ्या भावाला काही येत नव्हतं. तू गॅरेजमध्ये उभी राहिली असतीस तर तो कधीच उभा राहिला नसता. लोक हसले असते त्याला. मला पोराची काळजी वाटली. तू काय, कुठंही तरली असतीस."

ताईनं इतकी वर्षं धरून ठेवलेला समज असा होता, की बाबा जुन्या वळणाचे, त्यांना कळत नव्हतं. त्यावर रुसता येत होतं, कधी कधी हसताही येत होतं. पण त्यांना कळत होतं. कळून सवरून त्यांनी तिला बाजूला ठेवलं होतं, आणि ज्याच्यासाठी ठेवलं तो पोरगा टिकलाही नव्हता.

"म्हणजे मला येत होतं तेच माझ्या आड आलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि हिला का शिकवलंत?"

"हिला शिकवताना कुणाचं काही हिसकावलं जात नव्हतं," उस्ताद म्हणाले. "निदान मला तसं वाटलं. तू तीन शटर पलीकडे उभी आहेस हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

माफ केलं असं ताई म्हणाली नाही. उस्तादांनीही माफी मागितली नाही. ती त्यांना हात धरून गॅरेजपर्यंत सोडायला गेली, आणि सोडून परत आली नाही, आतच उभी राहिली. हेड उतरवून बाकावर ठेवलेलं होतं. सूनबाई वाकडा व्हॉल्व्ह हातात घेऊन बघत होती.

"माझं चुकलं," ताई म्हणाली. "हे तुझ्या एकटीवर नको. मला काहीतरी काम दे."

सूनबाईनं तिला खालून वर बघितलं. "आधी भोंग्याला सांगा. त्यानं काल मला गल्लीसमोर अडाणी म्हटलंय. ते परत घ्यायला लावा."

भोंगा दहा वाजता आला. ताईनं त्याला एका बाजूला नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. पण भोंग्याला हळू सांगून काय उपयोग?

"काय?" तो गरजला. "तुम्ही बोळा बघितला आणि गप्प बसलात? ताई, तुम्ही? आणि मी काल या बिचारीला नाही नाही ते बोललो!"

टायरवाला बाहेर आला, वेल्डर बाहेर आला, समोरचा रेडिएटरवाला हातातलं काम टाकून दारात उभा राहिला. ताईचे कान तापले, पण ती जागची हलली नाही. भोंग्यानं सूनबाईपुढे दोन्ही हात जोडले. "वहिनी, अडाणी मी." मग ताईकडे वळून म्हणाला, "माझी माणसं आता आणखी दोन दिवस चालत कामावर जाणार. त्यांना काय सांगू, घरचं भांडण होतं म्हणून?"

"तसंच सांगा," ताई म्हणाली. "खरं आहे ते."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून रजा काढली. सूनबाईनं तिला सगळ्यात किचकट काम दिलं. हेडच्या खालच्या बाजूला दबून चिकटलेलं गॅस्केट खरवडायचं, एक ओरखडा न उमटवता. ताई सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून खरवडत बसली. दोघी एकमेकींशी गरजेपुरतंच बोलल्या. "इथं राहिलंय." "बघते." "डिझेलनं धुवा, पाण्यानं नको." "माहीत आहे." उस्ताद खुर्चीतून दोघींकडे आळीपाळीनं बघायचे आणि कुणालाच काही सांगायचं धाडस करायचे नाहीत.

हेड बसवताना सूनबाई एकेक बोल्ट ठरल्या क्रमानं, ठरल्या जोरानं आवळत होती. पान्यातून 'टक्' असा आवाज आला की थांबायची, पुढच्या बोल्टकडे जायची. ताई बघत राहिली. हात सुरेख होता. त्यात काही खोट काढायला तिनं मनापासून प्रयत्न केला, सापडली नाही. ती पुन्हा तशीच जळफळली. फरक एवढाच, की या वेळी ती तिथून निघून गेली नाही. मॅनिफोल्ड चढवायच्या आधी सूनबाईनं ट्रे तिच्यापुढे सरकवला.

"मोजा."

"सहा," ताई म्हणाली. सूनबाईनं स्वतः पुन्हा मोजले. ताईसमोरच मोजले. ताईनं ते गिळलं.

बस सुरू झाली आणि गेली. भोंगा गल्लीच्या टोकापर्यंत हॉर्न वाजवत गेला.

पुढं ताई दर आठवड्याला दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये यायला लागली. मास्तर म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला उपाशी ठेवून बायको इंजिन पोसते," पण डबा तेच आणून द्यायला लागले. चाळिशी गाठलेल्या बाईचे हात नव्यानं वळायला वेळ लागतो. जे नाव तिला झोपेतही सांगता यायचं, ते प्रत्यक्षात कुठल्या बाजूनं सुटतं हे तिला विचारावं लागायचं, आणि विचारावं लागायचं सूनबाईला. सूनबाई सांगायची, पण गोड बोलून नाही. एकदा ताईनं फिल्टरची सील उलटी बसवली, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "विकताना तरी सरळ दिली होतीत ना?" वेल्डर खो खो हसला. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं सील काढली आणि सरळ बसवली.

ड्रायव्हर अजून वहिनींनाच विचारत येत. ताईला ते अजून झोंबतं.

एका दुपारी ती एका जुन्या ट्रकचा वॉटर पंप उतरवत होती. एक नट गंजून बसला होता. उस्ताद खुर्चीतून उठले, बंपरपाशी आले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आता त्यांना बरं दिसत होतं.

"असा नाही धरायचा पाना," ते म्हणाले. "आण इकडे, दाखवतो."

त्यांनी हात पुढे केला. पंधराव्या वर्षी तिला जो हात हवा होता तोच. ताईनं पाना दिला नाही.

"मला ती शिकवतेय, बाबा."

उस्तादांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, डगल्याला पुसला, काही कारण नसताना. सूनबाईनं पलीकडच्या गाडीच्या बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं, सासऱ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि परत आत घातलं. उस्ताद खुर्चीत जाऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनी खुर्ची जरा रस्त्याकडे वळवून घेतली.

बरं वाटेल असं ताईला वाटलं होतं. थोडं वाटलंही. तिनं पाना लावून जोर केला. तो निसटला आणि बोटाच्या पेराची साल निघाली.

"मनगटानं नको," बॉनेटमधून आवाज आला. "खांद्यानं जोर लावा."

ताईनं रक्त डगल्याला पुसलं आणि पाना पुन्हा नटाला लावला.